चावी फिरते, पण गाडी ओळखत नाही

तासगाव-कवठेमहांकाळ भागात जुन्या ट्रॅक्टरची चावी हरवली म्हणून नांगरट अडली, असं सहसा होत नसे. एकाच कंपनीच्या जुन्या ट्रॅक्टरांना बऱ्याचदा एकच चावी लागायची, त्यामुळे शेजाऱ्याची मागून आणली की काम भागायचं. तीही मिळाली नाही तर दोन वायरी जोडणारा कुणीतरी वस्तीवर असायचाच. मोटारींची गोष्टही नव्वदच्या दशकापर्यंत फार वेगळी नव्हती. कुलपं इतकी झिजलेली असत, की भलत्याच गाडीची चावीसुद्धा फिरायची.

आता नरसोबाच्या वाडीला स्नान करताना खिशातली चावी कृष्णेत गेली, तर गाडी तिथेच राहते. शोरूममध्ये चौकशी केली की कळतं, चावी मागवावी लागेल, काही दिवस थांबा आणि काही हजार रुपये तयार ठेवा. बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर आकडा दहा हजारांच्या पुढेही जातो. लोखंडाच्या एवढ्याशा तुकड्याला इतके पैसे कशाला, असं विचारणारा माणूस चुकीचं विचारत नाही. फक्त हे पैसे लोखंडाचे नसतात.

लोखंडाचं काम रस्त्याकडेचा चावीवाला आजही थोडक्या पैशात करतो, आणि ते बघण्यासारखं असतं. कोरी चावी दिव्यावर धरून तो तिच्यावर काजळी चढवतो. मग ती कुलपात घालून दाबून हलवायची, बाहेर काढायची आणि काजळी कुठे खरवडली गेली ते उजेडात न्याहाळायचं. जिथे खूण, तिथे कानस. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. कुलूप न उघडता त्याच्या पोटातली रचना हातांनी वाचण्याची ही विद्या आहे. या धंद्यात शिकलगार समाजातली पुष्कळ माणसं दिसतात. तलवारींना धार आणि झळाळी देणाऱ्या घराण्यांच्या हातात पुढे कुलपं आली.

असं हुबेहूब पातं घेऊन तुम्ही नव्या जमान्याच्या गाडीत बसलात, तर दार उघडेल, चावीही फिरेल. इंजिन मात्र सुरूच होणार नाही, किंवा सुरू होऊन क्षणात बंद पडेल, आणि समोर चावीचं किंवा कुलपाचं बारीक चिन्ह लुकलुकत राहील. गाडीने तुम्हाला ओळखलेलं नाही.

ही ओळख चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात दडवलेल्या चिपमध्ये असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यात सुमारे १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तेवढ्या ऊर्जेवर चिप जागी होते. गाडी तिला एक आकडा देते. चिप स्वतःजवळच्या गुप्त आकड्याने त्याचं गणित करून उत्तर परत पाठवते. तेच गणित गाडीनेही केलेलं असतं. उत्तरं जुळली तर इंजिनच्या कॉम्प्युटरला हिरवा कंदील, नाही तर इंजिन बंद. प्रश्न दर वेळी नवा असतो, म्हणून कालचं उत्तर चोरून आज उपयोग नाही. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात.

दार उघडणारा रिमोट हा त्याच डबीतला वेगळा भाडेकरू. त्याला सेल लागतो आणि त्याचा रेडिओ संदेशही वेगळा. रिमोट मेला म्हणजे चावी मेली, असं समजून लोक उगाच घाबरतात. बटणाच्या गाडीतही सेल संपला तर डबीच्या पोटात दार उघडायला छोटं पातं असतं, आणि बऱ्याच गाड्यांत ती डबी स्टार्टच्या बटणाला टेकवली की इंजिन सुरू होतं. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक कोण उघडतं!

सांगलीत हा फरक पुराने शिकवला. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाण्यात राहिलेल्या चावीचा रिमोट गंजतो, पण बंद कवचातली चिप बहुधा तगते. उलट चावी माडीवर कोरडी राहिली आणि गाडी खाली बुडाली, तर ओळखीची नोंद असलेला गाडीतला डबाच खराब झालेला असू शकतो. तो बदलला की नव्या डब्याला जुनी चावी परकी. मग कुलपात काहीही बिघाड नसताना ओळख पुन्हा करून द्यावी लागते.

म्हणून चावीच्या धंद्यात खरा प्रश्न एकच असतो: एक तरी चावी शिल्लक आहे का? असेल तर दुसरी जोडणं तुलनेने सोपं. दोन्ही गेल्या तर त्याला ‘ऑल की लॉस्ट’ म्हणतात, आणि तिथे बहुधा गाडीचा गुप्त पिन किंवा कंपनीची परवानगी लागते. काही गाड्यांसोबत चावीचा क्रमांक असलेली छोटी पट्टी मिळते. ती बरेच जण जुडग्यालाच लटकवतात आणि चावीबरोबरच गमावतात. दुसरी चावी एक हातात असतानाच करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काम आता फक्त शोरूमचं राहिलेलं नाही. टॅब्लेटसारखं यंत्र गाडीला जोडून चिपची ओळख करून देणारे कारागीर जिल्ह्याच्या गावांतही आहेत आणि ते बऱ्याचदा स्वस्त पडतात. तसलंच यंत्र चोराच्याही हाती पडतं, ही त्याची दुसरी बाजू. त्यामुळे आरसी आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय हात न लावणारा कारागीर निवडावा. ‘कागद कशाला, गाडी आणा’ म्हणणारा उद्या तुमच्या गाडीसाठी दुसऱ्या कुणालाही तेच म्हणेल.

एवढा खटाटोप हवाच का? युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती, म्हणून ह्युंदाई आणि किया यांनी तिथल्या अनेक स्वस्त गाड्या त्याच्याविना विकल्या. २०२१-२२च्या सुमारास स्टिअरिंगखालचं झाकण उघडून या गाड्या पळवण्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पसरल्या आणि चोऱ्यांचं पेव फुटलं. महागडी चिप काय रोखते, ते तिथे दिसलं.

पण चिप अजिंक्य नाही. २०११मध्ये झुरिकच्या संशोधकांनी खिशात ठेवून चालणाऱ्या स्मार्ट चाव्यांच्या दहा गाड्या तपासल्या. घरात ठेवलेल्या चावीचा संदेश मधल्या यंत्राने गाडीपर्यंत पोचवला, की गाडीला मालक जवळ असल्याचं वाटायचं. दहाही गाड्या फसल्या. अशी चावी रात्री पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, तर तो संदेश बाहेर पडणं अवघड होतं.

विम्याचं त्रांगडं वेगळंच. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक आधीच हरवलेली असेल आणि तिची कुठेच नोंद नसेल, तर संशय तुमच्यावर येतो. म्हणून चावी गहाळ झाल्याची नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करावी आणि पावती जपावी. चावी बदलण्याचा खर्च देणारं जादा कलमही पॉलिसीत घेता येतं. चावी गाडीतच राहिली म्हणून सगळा दावा बुडतोच असं नाही. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश दिला. पण तिथवर पोचायला किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हरवलेली चावी गाडीच्या आठवणीतून पुसताही येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. हाताशी असलेल्या चाव्या पुन्हा नोंदवल्या की बहुतेक गाड्यांत गैरहजर चावीची नोंद जाते. तिचं पातं दार उघडेल, इंजिन नाही. एमएच-१०ची असो वा एमएच-११ची, जुनी गाडी घेताना आपण टायर दाबून बघतो, बॉनेटखाली वाकतो. त्याच वेळी यंत्र जोडून किती चाव्या नोंदलेल्या आहेत हेही बघून घ्यावं. यंत्र तीन दाखवत असेल आणि विकणारा एकच देत असेल, तर उरलेल्या दोन त्याच्यासमोरच पुसायला लावाव्यात आणि मगच पैसे मोजावेत.