खाते त्याच्या नावाचे, सही कोणाची?

मुलाला अठरा वर्षे पूर्ण होतात तो दिवस घरात पेढ्यांचा असतो. बँकेत त्या दिवशी वेगळेच घडते. मुलाच्या खात्यावर 'अज्ञान पालनकर्ता' म्हणून वडील करत आलेली सही त्या दिवसापासून चालत नाही. मुलगा सज्ञान झाला, आता त्याच्या सहीचा नमुना द्या, असे खिडकीमागचा कर्मचारी सांगतो. बहुतेक घरांना हे काम पाच मिनिटांचे. पण मुलगा डाउन सिंड्रोमचा असेल, स्वमग्न असेल किंवा त्याची समज वयाच्या मागे राहिलेली असेल, तर त्याच पाच मिनिटांत आईवडिलांना प्रथम कळते, की कायद्याच्या लेखी हा आता मोठा माणूस आहे आणि आपण त्याचे आपोआप पालक राहिलेलो नाही.

आपल्याकडे या माणसांचा विचार झाला तो मुख्यतः मुले म्हणून. मुंबईची जय वकील शाळा १९४४ची, पुण्याची कामायनी १९६४ची. त्या पिढीने फार मोठे काम केले. १९९१च्या 'चौकट राजा'मध्ये दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून आपण सगळे रडलो. पण नंदू आपल्या मनात निरागस मूल म्हणूनच राहिला. प्रत्यक्षात मुले मोठी होतात, त्यांना दाढीमिशा येतात, केस पिकतात. अमेरिकेत १९८३च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते; आज ते साठीच्या घरात आहे. आपल्याकडेही पन्नाशीचा 'बाळ' आणि ऐंशीचे आईवडील अशी घरे आता दिसू लागली आहेत. आणि त्या प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर एकच प्रश्न असतो: आमच्यामागे याचे काय?

या प्रश्नाला आपण पैशाने उत्तर देतो. बँकेतल्या नोकरीत मी असे कितीतरी आईवडील पाहिले. मुदत ठेव, विमा, एखादी सदनिका, नॉमिनी म्हणून भाऊ. सगळी कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावलेली. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचा आणि त्याच्याशी कोणी एक शब्द बोलत नसे. आम्ही बँकवालेही वडिलांकडे बघूनच विचारायचो, "याला सही येते का?"

अपवाद एका गृहस्थांचा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते मुलाला घेऊन यायचे. मुलगा तिशीचा. कार्यशाळेत कागदी पिशव्या करायचा, त्याचा मोबदला खात्यात जमा व्हायचा. वडील दाराजवळच्या बाकावर बसत आणि मुलगा रांगेत उभा राही. पैसे काढण्याच्या स्लिपवर तारीख, आकडा आणि सही, एवढेच तो लिहायचा. वेळ लागायचा. मागची मंडळी चुळबुळ करत. एकदा रांगेतल्या कोणीतरी बाकाकडे वळून म्हटले, "अहो, तुम्हीच का नाही काढत?" वडील जागचे उठले नाहीत. म्हणाले, "पैसे त्याचे आहेत."

त्यांनी एक शहाणपणा केला होता. त्या खात्यात महिन्याच्या मोबदल्यापलीकडे काही ठेवत नसत. मोठी रक्कम दुसरीकडे. म्हणजे चूक झाली तरी तिची किंमत ठरलेली. माणसावर बंधन घालण्याऐवजी नुकसानीवर मर्यादा घालायची, हे बँकेचे जुनेच तत्त्व आहे.

कायदाही आपण समजतो तेवढा आडमुठा नाही. बँका ज्याचा हवाला देतात तो करार कायदा १८७२चा. त्यातही प्रश्न एवढाच आहे, की हा विशिष्ट करार करताना, त्या वेळी, माणसाला त्याचा अर्थ आणि आपले हित कळते का. पाचशे रुपये काढणे आणि घर विकणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे दीडशे वर्षांपूर्वीच मान्य झाले आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समित्या आल्या. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याची सोय झाली आणि घरच्यांना दिवाणी न्यायालयाची पायरी टळली. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिशाच बदलली. मालमत्ता बाळगण्याचा, वारशाचा, आपले पैसे सांभाळण्याचा हक्क इतरांसारखाच. मदतनीस असेल, पण तो सोबत बसून निर्णय घेणारा. पालकत्वही मर्यादित, ठरावीक बाबीपुरते आणि ठरावीक काळापुरते. मदतनिसाचा स्वतःचा स्वार्थ ज्या व्यवहारात गुंतला असेल, त्यात त्याने मदतनीस राहायचे नाही, असेही कायदा सांगतो. हे कलम भावाभावांच्या वाटणीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवावे असे आहे.

पण कायदा दुकानापर्यंत येत नाही. तिथे वाणी लागतो, कंडक्टर लागतो, सोसायटीचा वॉचमन लागतो. यातले बरेचजण नोटेवरचा आकडा वाचत नाहीत, रंग ओळखतात. २०१६च्या नोटाबंदीनंतर पाचशेची राखाडी झाली, दोनशेची पिवळसर नवीनच आली, शंभरची जांभळट झाली. वर्षानुवर्षांची शिकवणी पुसली गेली. मग पुन्हा पहिल्यापासून: दुधाला ही नोट, बसला ही. वाण्याने उरलेले पैसे हातात मोजून दिले तर अर्धे शिक्षण त्याच्या गल्ल्यावरच होते.

"कोणी फसवले तर?" आई विचारते. फसवतील, कधीतरी. फोनवर ओटीपी सांगून पैसे घालवलेल्यांत माझ्या ओळखीचे दोन निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांना कोणी पालक नेमला नाही.

सगळ्यांना हे जमेल असे मी म्हणत नाही. काहींना चोवीस तास माणूस लागतो, काहींना बोलता येत नाही. पण त्यांनाही निळा शर्ट की पांढरा, पोहे की उपमा, हे बोट दाखवून सांगता येते. ते विचारायला कोणी थांबत नाही, कारण घाई असते. आईवडील हयात आहेत तोवर सगळे तेच करतात. ते गेल्यावर अनोळखी घरात, अनोळखी माणसांत, पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने एकदम शिकावे अशी अपेक्षा असते. शिकायची वेळ आईवडील बाकावर बसलेले असतात तेव्हाची. बहीण-भाऊ, एखादा शेजारी यांनाही तेव्हाच सोबत घ्यावे, म्हणजे त्याची पद्धत, त्याच्या खुणा त्यांना ठाऊक होतात.

आणि सही येत नसेल तर अंगठा चालतो. आयुष्यभर अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्यांची खाती आम्ही वर्षानुवर्षे सांभाळली आहेत. त्यांच्या बाजूला कोणी ना कोणी पासबुक वाचून दाखवायला उभा असायचाच. पैसे मात्र मोजून शेतकऱ्याच्याच हातात दिले जायचे.