आवाज आहे, माणूस दिसत नाही

शिमग्याला पूर्णगडला जायचं, पालखीला नारळ द्यायचा आणि दोन दिवसांनी परतीची गाडी पकडायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मुचकुंदी जिथं समुद्राला मिळते तिथं टेकडीवर छोटेखानी किल्ला आहे. त्याच्या पायथ्याच्या वस्तीत आमचं घर. काकांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. पाच वर्षांपूर्वी पालखी अंगणात नाचली, तेव्हा नातवानं मोबाइलवर चित्रण केलं होतं. तो मोबाइल पुढं होडीतून उतरताना खाडीला अर्पण झाला. उरला तो एक पेनड्राइव्ह.

रात्री जेवणं आटोपल्यावर ओटीवर लॅपटॉप मांडला. सगळी मंडळी जमली. ढोल वाजू लागला, सनई आली, काकांची ओळखीची हाळी आली. पडदा मात्र काळाकुट्ट.

"आवाज येतोय रे, माणूस कुठाय?" काकू म्हणाली.

"आजी, फाइल खराब झालीय. पुसून टाकतो, जागा तरी होईल."

मी त्याचा हात धरला. माझ्या पिढीनं असाच एक अनुभव घेतलेला आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी लग्नाची व्हिडिओ कॅसेट पाठवायची आणि इथल्या व्हीसीआरवर नुसते पट्टे दिसायचे! आपल्याकडे पाल पद्धत, सेकंदाला २५ चित्रं आणि ६२५ रेषा. तिकडं एनटीएससी, सेकंदाला सुमारे ३० चित्रं आणि ५२५ रेषा. कॅसेट ठणठणीत असायची, आपल्या यंत्राला तिची भाषा येत नसे. लॅपटॉपवर रुसलेल्या बऱ्याच फाइलींचं दुखणं आजही हेच असतं.

ज्याला आपण 'एमपी फोर' म्हणतो, तो खरं तर नुसता डबा. आत चित्र वेगळं बांधलेलं असतं, आवाज वेगळा. बांधण्याच्या आणि सोडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. एच-२६४ ही रीत २००३ साली ठरली, एच-२६५ ही २०१३ साली. नवी रीत तेवढंच चांगलं चित्र जवळजवळ निम्म्या जागेत बसवते, म्हणून अनेक मोबाइल ती वापरतात. पण ती गाठ सोडवण्याची सोय प्रत्येक लॅपटॉपवर नसते. आवाजाची गाठ जुनीच, सर्वांना सुटणारी. म्हणून आमच्या ओटीवर काका ऐकू आले, दिसले नाहीत. अशा वेळी काही जण फाइलीच्या नावाचं शेपूट बदलून पाहतात. आमसुलाच्या बरणीवर मुरांब्याची चिठ्ठी लावली म्हणून आत मुरांबा होत नाही.

पहिलं काम म्हणजे पेनड्राइव्हवरच्या दोन्ही फाइली लॅपटॉपवर उतरवून घेणं. जे करायचं ते नकलेवर; मूळ फाइलीला हात लावायचा नाही. मग व्हीएलसी हा प्लेअर घेतला. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हे काम सुरू केलं आणि २००१ साली ते सर्वांना मुक्त झालं. याच्याजवळ बहुतेक साऱ्या गाठी सोडवण्याची हत्यारं स्वतःचीच असतात, शिवाय फुकट. मात्र ते त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावं. 'कोडेक पॅक' म्हणून कुठूनही काहीबाही उतरवलं, तर त्यासोबत नको ते पाहुणेही घरात शिरतात.

विहिरीपाशी मोबाइलला रेंज मिळते. तिथं उभं राहून नातवानं ते उतरवलं आणि पडदा उजळला. काका पालखीखाली, डोक्याला फेटा, घामानं निथळलेले. चित्र अडखळत होतं, कारण जुन्या लॅपटॉपला ही गाठ सोडवताना धाप लागते. बाकी उघडं असलेलं सगळं बंद केल्यावर जरा सुधारलं. ओठ आधी हलत होते, आवाज मागून येत होता. त्यालाही व्हीएलसीत उपाय आहे. 'जे' ही कळ दाबत गेलं की आवाज थोडाथोडा अलीकडं सरकतो, 'के' दाबली की पलीकडं. काकू काही बोलली नाही. फक्त पदर सावरून पुढं सरकली.

दुसरी फाइल अवघड निघाली. तीत काकांचं गाऱ्हाणं होतं. ते त्यांना तोंडपाठ, कागदावर कुणी उतरवलेलं नाही. ही फाइल व्हीएलसीतही उघडेना. चित्रण चालू असताना बॅटरी संपली होती, असं नातवाला आठवलं. मोबाइल सहसा फाइलीची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहितो. त्याआधीच तो बंद पडला, तर आत चित्रं असूनही कुठलं पान कुठं हे कुणालाच कळत नाही. पण त्याच मोबाइलवर तशाच पद्धतीनं घेतलेली एक धडधाकट फाइल हाताशी असली, तर तिच्यावरून मोडक्या फाइलीची अनुक्रमणिका पुन्हा मांडता येते. 'अनट्रंक' नावाचं साधन हे काम करतं. आमच्याजवळची धडधाकट फाइल म्हणजे तीच, आदल्या रात्री पुसली जाणार होती ती.

दुसऱ्या दिवशी पोराचा सगळा दिवस त्यात गेला. रात्री गाऱ्हाणं लागलं. चारेक मिनिटं नीट चाललं. काका एकेक वाक्य म्हणत होते, मागून मंडळी "होय महाराजा" म्हणत होती, नातू वहीत उतरवून घेत होता आणि काकू मध्येच थांबवून त्याचे शब्द दुरुस्त करत होती. मग चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला. काकूचं ओठांतल्या ओठांत "होय महाराजा" चालूच होतं.