हाताचे चिलखत

नाटकात किंवा सणाच्या देखाव्यात शिपाई उभा करावयाचा झाला, की आमची तरुण मंडळी पुठ्ठा आणि चंदेरी कागद शोधू लागतात. बेळगाव-निपाणीच्या मुलखात तरी याची गरज नसावी. येथे चामड्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. नवशिक्यालाही खरे चर्मी हस्तत्राण करता येईल.

ही कल्पना परदेशी आहे असेही कोणी समजू नये. महाभारतातील धनुर्धर हातावर ‘गोधा’ आणि बोटांवर ‘अंगुलित्र’ बांधीत. गोधा म्हणजे घोरपड. सुटलेल्या प्रत्यंचेचा फटका मनगटाला बसू नये, हा हेतू. पुढे लोखंडी दस्ताने आले. महाराष्ट्राने २०२४ साली ज्याला राज्यशस्त्र म्हटले, त्या दांडपट्ट्याची मूठ म्हणजे हात झाकणारा दस्तानाच होय.

चामडे कोणते घ्यावे, यावर निम्मे यश अवलंबून आहे. पर्स व मऊ बुटांचे क्रोमने कमावलेले चामडे येथे कामाचे नाही. ते भिजवून दिलेला आकार धरीत नाही. आपल्याकडील जुनी रीत अशी, की चुन्याच्या पाण्यातून काढून केस व मांस खरवडलेले कातडे पिशवीसारखे शिवावयाचे, तीत बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरून ती टांगावयाची. रस झिरपत झिरपत कातडे पक्के होते. कोल्हापुरी चप्पल ज्या चामड्याची होते ते हेच. मनगटासाठी सुमारे तीन मिलिमीटर जाडी पुरे. बोटांसाठी याहून पातळ.

प्रारंभी बोटांच्या भानगडीत पडू नये. फक्त मनगट ते कोपराखालचा पट्टा करावा. मनगटाचा घेर, हाताच्या जाड भागाचा घेर आणि लांबी मोजून कागदाचा नमुना कापावा, तो हातावर बांधून कोपर वाकवून पाहावे. कागद खुपला तर चामडे निश्चितच खुपेल. मग नमुना चामड्यावर ठेवून आरीच्या टोकाने रेघ ओढावी व रापीने कापावे. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीही नसावा.

कापलेला तुकडा साध्या पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवून हाताएवढ्या जाडीच्या लाकडावर गुंडाळावा, दोरीने बांधावा आणि सावलीत वाळू द्यावा. युरोपात चिलखतासाठी चामडे गरम पाण्यात कडक करीत. परंतु पाणी जरा जास्त तापले की ते आक्रसते व ठिसूळ होते, म्हणून नवशिक्याने तो मार्ग सोडावा. वाळल्यावर कडांना आरीने भोके पाडून खालच्या बाजूने वादी ओवावी, शेवटी तेलाचा हात फिरवावा. बोटांसाठी माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक येणारे छोटे तुकडे साध्या हातमोज्यावर शिवतात. परंतु ते पट्टा साधल्यानंतर.

पुस्तक वाचून रापी चालविता येत नाही. ती अथणी-निपाणीकडील एखाद्या कारागिराजवळ बसूनच शिकावी. तेथे वेण्या विणण्याचे व शिवण्याचे नाजूक काम बहुधा स्त्रिया करतात. त्यांची बोटेही पाहावीत. ज्या हातांनी हे कौशल्य जपले त्यांना गावाने मात्र वेशीबाहेर ठेवले. यहुद्यांतही कातडी कमावणारा अशुद्धच मानला जाई, तरी याफात पेत्र समुद्रकाठच्या शिमोनाच्या घरी बरेच दिवस राहिला आणि हा शिमोन कातडीच कमावीत असे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही चार जिल्हे, त्यांत बेळगाव, त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा कंपनीने तसल्याच चपला मांडल्या आणि ओरड झाल्यावर त्यांचे मूळ मान्य केले. मिलानवर आपण रागावलो ते ठीकच. पण शेजारच्या कारागिराची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून ‘जरा दाखवा’ म्हणणे कोणत्या न्यायात बसते? शिकवणीचे पैसे आधी ठरवावेत आणि चामडेही त्याच्याकडूनच घ्यावे.

आणखी एक. दुसऱ्या हाताचा पट्टा कापताना नमुना उलटा करून ठेवावा. नाहीतर दोन्ही पट्टे एकाच हाताचे होतात.