पेर नॉरगॉर यांची अनंत माळ

डेन्मार्कचे स्वररचनाकार पेर नॉरगॉर २८ मे २०२५ रोजी निवर्तले. वय ब्याण्णव. आठ सिंफनी, काही ऑपेरा, तालवाद्यांसाठी केलेल्या नामांकित रचना आणि मोठा शिष्यवर्ग मागे ठेवून ते गेले. हान्स आब्राहामसेन आणि बेंट सोरेन्सन हे आजचे नावाजलेले डॅनिश रचनाकार त्यांच्याच हाताखाली शिकले. २०१६ साली त्यांना अर्न्स्ट फॉन सीमेन्स संगीत पुरस्कार मिळाला. हे सारे कोशात सापडण्याजोगे आहे. मला सांगावयाचे आहे ते निराळे. ज्यांच्या वाडवडिलांनी फैयाझखाँसाहेबांची आलापी याच बडोद्यात समोर बसून ऐकली, त्या घरच्या कानांना हा मनुष्य वाटतो तितका परका नाही.

आमच्या ओळखीतील एका वृद्ध रसिकांना मी त्यांची एक रचना ऐकविली, तेव्हा ते म्हणाले, “अहो, हे गाणे की गणित?” प्रश्न रास्त आहे. नॉरगॉर यांच्या संगीताच्या मुळाशी गणित आहेच, आणि ते लपविण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. पण ते गणित कसले, हे पाहिल्यावाचून निकाल देणे बरे नव्हे.

१९५९ च्या सुमारास, सत्तावीस वर्षांचे असताना, त्यांना एक स्वरमाळ सापडली. तिला ते अनंत श्रेणी म्हणत. पहिल्या दोन स्वरांमधील अंतर हे तिचे बीज. तेच अंतर कधी सुलटे, कधी उलटे वापरीत माळ वाढत जाते, आणि तिला शेवट नाही. आपल्या सरगमेत तिचे पहिले सोळा स्वर असे मांडता येतील: सा, कोमल रे, मंद्र नी, शुद्ध रे, कोमल रे, सा, मंद्र कोमल नी, कोमल ग, मंद्र नी, शुद्ध रे, सा, कोमल रे, शुद्ध रे, मंद्र नी, मंद्र ध, शुद्ध ग. पेटीवर वाजवून पाहावे. कोणत्याही रागात न बसणारी, जरा भरकटल्यासारखी चाल वाटेल.

आता गंमत पाहा. चारचार स्वरांच्या या चार गटांतला फक्त पहिला स्वर घ्या. सा, कोमल रे, मंद्र नी, शुद्ध रे. मूळ चालीचाच आरंभ! माळ कितीही लांबविली तरी हे चुकत नाही. दर चौथा स्वर वेचीत गेले की तीच चाल चौपट विलंबित लयीत निघते. दर सोळावा वेचला तर सोळापट. एकाआड एक स्वर घेतले तर तीच चाल आरशात पाहावी तशी उलटी होते. ही काही कागदावरची करामत नव्हे. वाद्यवृंदात एक वाद्य सबंध माळ वाजवीत असते, दुसरे तिच्यातला दर चौथा स्वर तेवढा उचलून धरते, तिसरे त्याहूनही संथ चालते. आणि एकाच चालीची ठाय, चौगुण आणि त्यापुढची रूपे एकाच वेळी कानावर येतात. आपण दुगुण-चौगुण एकामागून एक करतो, ती समेवर आणून सोडतो, आणि दाद घेतो. येथे साऱ्या लयी शेजारी शेजारी नांदतात आणि सम अशी नाहीच. लयीचा हिशेब ज्याच्या बोटांच्या पेरांवर बसलेला आहे, त्याला हे ऐकताना एखाद्या युरोपीय श्रोत्यापेक्षा अधिक आनंद व्हावा असे माझे मत आहे.

हे ऐकावयाचे तर १९६८ च्या ‘सोनेरी पडद्याआडचा प्रवास’ या छोट्या रचनेचा दुसरा भाग प्रथम ऐकावा. त्यात या माळेचे पहिले १०२४ स्वर ओळीने येतात. १९७० च्या दुसऱ्या सिंफनीत ते ४०९६ झाले. याच ‘प्रवासा’च्या पहिल्या भागात माळ नाही, तेथे दोन जवळजवळच्या मूळ स्वरांतून उमटणारे स्वयंभू स्वर एकमेकांना घासत राहतात. दोन तंबोरे किंचित कमीजास्त जुळले असता जी थरथर होते, तीच येथे मुद्दाम केलेली. आपला गवई लगेच खुंटी पिळील, हे खरे!

या साऱ्याचा कळस म्हणजे १९७२ ते ७५ या काळात लिहिलेली तिसरी सिंफनी. दोनच भाग, पाऊण तासाच्या आसपास. खर्जातून एकेक स्वयंभू स्वर वर चढत जातो आणि सबंध वाद्यवृंद जणू एकाच तारेचा बनलेला आहे असे वाटू लागते. दुसऱ्या भागात समूहगान येते, रिल्केच्या काव्यासह. इतके सुंदर, इतके निर्वेध संगीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार थोड्यांनी लिहिले असेल.

आणि नेमके येथेच माझ्या मनात शंका येते. जेथे प्रत्येक स्वराला जागा आहे, प्रत्येक लयीला दुसरीची साथ आहे, तेथे दुःखाला जागा कोठे? हा प्रश्न खुद्द नॉरगॉर यांनाही पडला असावा, असे त्यांच्या पुढील रचनांवरून वाटते. १९७४ ते ७९ या वर्षांत त्यांनी ‘सिद्धार्थ’ हा ऑपेरा लिहिला. संहिता ओले सार्विग या डॅनिश कवीची. पहिला प्रयोग स्टॉकहोमला १९८३ साली झाला. मुलाच्या दृष्टीस जरा, व्याधी, मृत्यू पडू नयेत म्हणून शुद्धोदनाने उभारलेल्या सुखाच्या राज्याची ही कथा. आपल्याला ती बालपणापासून ठाऊक. राजवाड्यातील ते निर्दोष सुख रंगविण्यास नॉरगॉर यांच्याजवळ निर्दोष संगीत तयारच होते!

ऑपेरा संपला त्याच १९७९ साली कोपनहेगनजवळच्या लुइझियाना संग्रहालयात त्यांनी आडोल्फ व्योल्फ्ली या स्विस चित्रकाराचे प्रदर्शन पाहिले. व्योल्फ्ली १८९५ पासून १९३० मध्ये मरेपर्यंत बर्नजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात होता. चित्रे, मजकूर, स्वरलिपीच्या ओळी यांनी त्याने हजारो पाने भरली. ती पाहून नॉरगॉर यांचे संगीत बदलले. सिद्धार्थ वेशीबाहेर पडला, तसे तेही पडले असे मी म्हणतो; ही तुलना सर्वस्वी माझी आहे. १९८१ ची चौथी सिंफनी ऐका. तिचे नाव व्योल्फ्लीकडूनच घेतलेले, ‘भारतीय गुलाबबाग आणि चिनी चेटकीण-तळे’. नावात भारत आहे म्हणून कोणी देस-मल्हार शोधू नये. बागेतले मार्दव ऐकता ऐकता तडकते, तळ्यात तर पायाखाली काही उरत नाही, आणि सांत्वन येते ते तुटक तुटक. तिसरी अधिक सुंदर आहे. चौथी मला अधिक खरी वाटते. तिसरीच्या प्रेमात पडलेल्या रसिकांना हा निवाडा पटणार नाही.

मुद्रिकांविषयी दोन शब्द. तिसरी सिंफनी लाइफ सेगरस्टाम यांनी चँडोस कंपनीसाठी मुद्रित केली आहे आणि थॉमस डाउसगोर यांनी डाकापो या डॅनिश कंपनीसाठी; ‘सिद्धार्थ’ही डाकापोकडेच आहे. तबलजींनी १९८२ ची एकट्या वादकासाठी लिहिलेली ‘ई चिंग’ सोडू नये. ती गेर्ट मॉर्टेन्सन यांच्या हातची मिळते. मोबाइलच्या बारक्या कर्ण्यावर मात्र यातले काहीही ऐकू नये. संथ लयीचे खालचे थर त्यात साफ बुडतात, आणि उरते ती वरची भरकटलेली चाल. मग गणितच ऐकू येणार. बरे कर्णयंत्र लावावे, रात्रीची वेळ धरावी.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी ‘बाबेट्स फीस्ट’ हा १९८७ चा डॅनिश चित्रपट पाहावा. त्याचे संगीत नॉरगॉर यांचेच. आणि ज्यांना शेवटून आरंभ करणे आवडते त्यांच्यासाठी आठवी सिंफनी आहे. २०१२ साली हेलसिंकीत ती प्रथम वाजली, तेव्हा त्यांची ऐंशी वर्षे नुकतीच भरली होती. साकारी ओरामो यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून ती वाजवून घेतली आहे. त्याच मुद्रिकेवर विशीतल्या नॉरगॉर यांची पहिली सिंफनीही आहे, काळीकरडी, कठोर. तिच्यानंतर आठवी लावली की वाद्ये इतकी हलकी होतात की वृंद अर्धा उठून गेला की काय असे वाटावे.