विश्लेषण : पुणे जिल्ह्यापेक्षा लहान कतारला ९६ लढाऊ विमाने कशासाठी?

दहा वर्षांपूर्वी कतारच्या हवाई दलाकडे अवघी १२ ‘मिराज २०००’ लढाऊ विमाने होती. त्यानंतर या देशाने तीन देशांकडे मिळून ९६ नवी विमाने मागवली. जेमतेम ३० लाख लोकसंख्येच्या देशाला एवढ्या विमानांची गरज काय, आणि ती तीन ठिकाणांहून का घेतली?

कोणाकडून काय घेतले?

फ्रान्सकडून ‘राफेल’ २०१५ मध्ये २४ आणि २०१७ मध्ये आणखी १२, म्हणजे एकूण ३६. भारतीय हवाई दलानेही २०१६ च्या करारात ३६ राफेलच घेतली. अमेरिकेकडून ३६ ‘एफ-१५’ आणि ब्रिटनकडून २४ ‘टायफून’ घेण्याचे करार २०१७ मध्ये झाले. शिवाय इटलीला युद्धनौकांची ऑर्डर मिळाली. पैसा अर्थातच नैसर्गिक वायूच्या निर्यातीतून आला.

खरेदीला वेग कशामुळे आला?

५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. कतारची जमिनीवरची एकमेव सीमा सौदीला लागून आहे, तीच बंद झाली. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प उघडपणे सौदीची बाजू घेत होते. तरीही दहा दिवसांच्या आत अमेरिकेने कतारशी ‘एफ-१५’चा सुमारे १२ अब्ज डॉलरचा करार केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये फ्रान्स आणि ब्रिटननेही करार केले. ही कोंडी जानेवारी २०२१ मध्ये, अल-उला येथील समझोत्यानंतर सुटली.

तीन प्रकारची विमाने सोयीची असतात का?

लष्करी दृष्टीने नाही. प्रत्येक विमानाचे सुटे भाग, क्षेपणास्त्रे, देखभाल आणि वैमानिकांचे प्रशिक्षण वेगळे. एकाच प्रकारची विमाने घेतली असती तर खर्च कमी झाला असता. पण असा व्यवहार विमान ताब्यात मिळाले की संपत नाही. पुढची तीस-चाळीस वर्षे विकणारा देश प्रशिक्षण आणि दुरुस्तीत गुंतलेला राहतो. ब्रिटनच्या हवाई दलाने तर कतारसोबत टायफूनची संयुक्त स्क्वाड्रनच उभारली. थोडक्यात, कतारने विमानांसोबत तीन मोठ्या देशांचे हितसंबंधही विकत घेतले. अमेरिकेचा अल-उदैद तळ आणि तुर्कस्तानचा लष्करी तळ हे याच विम्याचे आणखी दोन हप्ते.

विमाने आली, माणसे कुठून आणणार?

हीच खरी अडचण आहे. कतारच्या लोकसंख्येत मूळ नागरिक साधारण दहा-बारा टक्केच. पुरुषांना लष्करी सेवा २०१४ पासून सक्तीची आहे आणि २०१८ मध्ये तिचा कालावधी एक वर्षापर्यंत वाढवण्यात आला. तरीही प्रशिक्षण व तांत्रिक कामांसाठी परदेशी तज्ज्ञ लागतातच. कतारमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये अटक झालेले भारतीय नौदलाचे ८ माजी कर्मचारी अशाच एका खासगी कंपनीत होते. त्यांना फाशीची शिक्षा झाली, ती रद्द झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटका झाली.

मग सुरक्षा मिळाली का?

२०२५ मध्ये दोनदा परीक्षा झाली. २३ जूनला इराणने अल-उदैदवर क्षेपणास्त्रे डागली. ‘पेट्रियट’ यंत्रणेमुळे त्यातील बहुतेक हवेतच पाडली गेली. ९ सप्टेंबरला मात्र इस्रायलने थेट दोहात हमासच्या नेत्यांवर हल्ला केला. हल्ल्यातील शस्त्रे रडारला दिसली नाहीत, असे कतारच्या पंतप्रधानांनी सांगितले. इस्रायल हा अमेरिकेचाच मित्र. त्यामुळे एवढ्या खरेदीचा उपयोग काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यानंतर महिन्याभरातच ट्रम्प यांनी आदेश काढला : कतारवरचा सशस्त्र हल्ला हा अमेरिकेच्या शांततेला आणि सुरक्षेला धोका मानला जाईल. ९६ विमानांना जे साधले नाही, ते एका कागदावर मागावे लागले. आणि हा आदेश म्हणजे संसदेने मंजूर केलेला करार नव्हे. पुढचा अध्यक्ष तो बदलू शकतो.

भारताचा संबंध काय?

कतारमध्ये आठ लाखांहून अधिक भारतीय राहतात. शिवाय दरवर्षी ७५ लाख टन द्रवरूप वायू भारताला देण्याचा करार २०४८ पर्यंत वाढला आहे. दोहाच्या आकाशात काय घडते, याचा थेट परिणाम त्या घरांवर आणि आपल्या गॅसच्या पुरवठ्यावर होतो.