झेरॉक्सच्या दुकानातलं वर्गमूळ

ए-थ्री आकाराचा नकाशा ए-फोरवर उतरवायचा असला की झेरॉक्सवाला मशीनवर ७१ टक्के हा आकडा निवडतो. ए-फोरचं ए-थ्री करायचं तर १४१. कागद निम्मा होतो, मग ५० टक्के का नाही? कारण मशीन बाजू लहान करतं. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर क्षेत्रफळ पाव होईल. ते निम्मं व्हायला प्रत्येक बाजूला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४१४ ने भागावं लागतं.

आठवीच्या ‘घातांक व घनमूळ’ प्रकरणाशी याच कागदांचं जवळचं नातं आहे. २ चा शून्यावा घात १ कसा, हा मुलांचा प्रश्न रास्त असतो आणि ‘नियमच आहे’ हे उत्तर लंगडं. ए-झिरोचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर ठरवलेलं आहे. तो मधोमध कापला की ए-वन, तो कापला की ए-टू. ए-फोरपर्यंत चार वेळा २ ने भागाकार होतो : २ चा उणे ४ वा घात, म्हणजे एक सोळांश चौरस मीटर. एकदाही कापला नाही, तर? कागद अख्खा, १. हाच शून्यावा घात. घातांक उणे म्हणून उत्तर उणे, हा गैरसमजही इथेच गळून पडतो. कागदाचं क्षेत्रफळ उणे कसं असेल?

पडताळा सोपा आहे. रिमावर ‘८० जीएसएम’ लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. भागिले १६, एक ए-फोर ५ ग्रॅमचा. ५०० कागदांचा रीम अडीच किलो भरतो.

आता मुळाकडे. कागद कापूनही त्याची ठेवण तीच राहायला हवी. लांबी रुंदीच्या क्ष पट धरली, तर अर्ध्या कागदात ते गुणोत्तर २ भागिले क्ष होतं. दोन्ही सारखी हवीत, म्हणून क्षचा वर्ग २. साडेआठ बाय चौदा इंचांच्या लीगल कागदाला हे जमत नाही : गुणोत्तर १.६५ वरून १.२१ वर घसरतं. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मध्येच एका पत्रात या गुणोत्तराची तारीफ केली होती. जर्मनीत ते प्रमाण ठरलं १९२२ मध्ये.

अपूर्णांकी घातही यातच आहे. ए-झिरोच्या लांबीचा वर्ग येतो २ चं वर्गमूळ, म्हणून लांबी म्हणजे २ चा एक चतुर्थांश घात. कॅल्क्युलेटरवर २ टाकून वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा : १.१८९२. ए-झिरोची लांब बाजू ११८९ मिलिमीटर आहे.