दुग्धशर्करा-पचनभेद व बृहदांत्राचा कर्करोग

दुग्धशर्करा (लॅक्टोज) ही बहुतेक सस्तन प्राण्यांच्या दुधातील प्रमुख शर्करा असून ती ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांच्या संयोगाने बनलेली असते. मातेच्या दुधात तिचे प्रमाण सु. ७%, तर गाई-म्हशींच्या दुधात सु. ५% असते. ती जशीच्या तशी शोषली जात नाही. लहान आतड्याच्या श्लेष्मकलेतील लॅक्टेज या एंझाइमाने तिचे विच्छेदन व्हावे लागते. स्तन्यपान सुटल्यावर हे एंझाइम घटत जाते. हा सस्तन प्राण्यांतील सर्वसाधारण नियम असून तो माणसासही लागू आहे. जगातील सु. दोन-तृतीयांश प्रौढांत दुग्धशर्करेचे पचन अपुरे होते. म्हणून प्रौढपणी दूध न पचणे हा विकार व पचणे हे स्वाभाविक, ही यूरोपीय वैद्यकातून रूढ झालेली समजूत वस्तुतः उलटी आहे.

प्रौढांतील लॅक्टेज-न्यूनतेची वर्णने १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. ही न्यूनता अप्रभावी लक्षण म्हणून आनुवंशाने उतरते, हे १९७३ मध्ये फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून दिसून आले. तिचे मूळ कारणही फिनलंडमधील संशोधकांनीच २००२ मध्ये शोधून काढले. लॅक्टेजाचे जीन दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. परंतु निर्णायक बदल त्या जीनमध्ये नसून त्याच्या आधी सु. १४,००० क्षारक-जोड्यांच्या अंतरावर, शेजारच्या एमसीएम-६ या जीनच्या आत आहे. तेथे सायटोसिनाच्या (सी) जागी थायमीन (टी) आले की, लॅक्टेजाची निर्मिती आयुष्यभर चालू राहते. आईवडिलांपैकी एकाकडून ‘टी’ मिळाला तरी पुरतो. ‘सी-सी’ असलेल्यांत मात्र एंझाइम घटते. पूर्व आफ्रिका व अरबस्तान येथील पशुपालकांत हाच गुण वेगळ्या उत्परिवर्तनांमुळे आलेला आहे. भारतात आढळणारा ‘टी’ यूरोपातील प्रकाराशी समान उगमाचा असून त्याचे प्रमाण वायव्येकडे जास्त, तर दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आहे.

न पचलेली दुग्धशर्करा बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात) पोहोचते. तेथील सूक्ष्मजंतू तिचे किण्वन करतात व हायड्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि लघुशृंखल वसाम्ले तयार होतात. पोटफुगी, कळा व जुलाब यांचे हे कारण. श्वासातील हायड्रोजन मोजण्याची निदानपरीक्षाही यावरच आधारलेली आहे.

या पचनभेदाचा बृहदांत्राच्या कर्करोगाशी संबंध जोडताना दोन परस्परविरुद्ध तर्क मांडता येतात. दूध सोसत नसलेली व्यक्ती ते टाळते व त्यामुळे तिला कॅल्शियम कमी मिळते. कॅल्शियम आतड्यातील पित्ताम्ले व मुक्त वसाम्ले यांच्याशी बद्ध होऊन त्यांचा आंत्रभित्तीवरील दाह कमी करते. म्हणजे ‘सी-सी’ व्यक्तींना धोका अधिक असावा. उलटपक्षी, किण्वनातून मिळणारे ब्युटिरिक अम्ल आंत्रकोशिकांना पोषक असल्यामुळे धोका कमीही असू शकेल.

प्रत्यक्ष पुरावा बराच काळ विसंगत होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फिनलंडमधील ‘सी-सी’ व्यक्तींत धोका काहीसा वाढलेला दिसला. पण त्याच अभ्यासातील ब्रिटिश व स्पॅनिश गटांत तो दिसला नाही. २००७ मधील इटालियन अभ्यासातही संबंध आढळला नाही. २०२५ मध्ये ब्रिटनमधील सु. ५.४ लाख स्त्रियांच्या सु. १७ वर्षांच्या निरीक्षणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोजच्या आहारात ३०० मिग्रॅ. कॅल्शियम अधिक असल्यास धोका सु. १७% कमी आढळला. याच अहवालात, लॅक्टेज टिकवणाऱ्या आनुवंशिक प्रकारावरून अनुमानित दुग्धसेवन जितके अधिक, तितका बृहदांत्र-कर्करोगाचा धोका कमी, असेही दिसून आले. या पद्धतीचा लाभ असा की, जनुकीय वाटप गर्भधारणेच्या वेळीच ठरते. पुढील सवयी, आजार किंवा उत्पन्न यांचा त्यावर परिणाम होत नाही. तरीही येथे सावधगिरी हवी. ‘टी’चे प्रमाण प्रदेशागणिक तीव्रतेने बदलते, त्यामुळे वंशपरंपरेतील इतर फरक त्याच्या नावावर जमा होण्याचा संभव असतो. उंचीच्या बाबतीत असा फसवा संबंध २००५ मध्ये यूरोपीय वंशाच्या अमेरिकनांत दाखवून देण्यात आला होता.

पचनभेद हा स्वतः कर्करोगाचे कारण नव्हे. भारतात लॅक्टेज-न्यूनता सर्रास असूनही बृहदांत्राच्या कर्करोगाचे प्रमाण पश्चिम यूरोपच्या मानाने पुष्कळच कमी आहे. आहारातील तंतू, तांबडे व प्रक्रिया केलेले मांस, मद्य, स्थूलता व वय यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. दुसरी बाब व्यवहाराची आहे : प्रौढ वयात शौचाच्या सवयीत नव्याने झालेला व टिकून राहिलेला बदल, शौचावाटे रक्त पडणे किंवा अकारण वजन घटणे ही लक्षणे ‘दूध बाधते’ म्हणून सोडून देणे धोक्याचे असते. त्यांची वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

लॅक्टेज-न्यूनता असलेल्या बहुतेकांना एका वेळी सु. १२ ग्रॅ. दुग्धशर्करा, म्हणजे पेलाभर दूध, फारसा त्रास न होता सोसते. जेवणाबरोबर घेतल्यास अधिक सुलभतेने. विरजणातील जंतू दुग्धशर्करेचा काही भाग स्वतःच फोडतात, त्यामुळे दही व ताक सुसह्य होतात आणि त्यांतील कॅल्शियम कायम राहते. दूध मुळीच न घेणाऱ्यांना नाचणीच्या १०० ग्रॅ. पिठातून सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम मिळू शकते. मात्र त्यातील फायटिक अम्लामुळे त्याचे शोषण काहीसे कमी होते. नाचणी भिजवून मोड आणल्यास हा अडथळा बराच घटतो.